वंदनाच्या मेलमधलं माझं इंग्रजी

बाजारात मटार आला की मला इंग्रजी आठवतं.

लोकांना थंडीत काय काय सुंदर आठवतं. कुणाला हुरडा, कुणाला शेकोटी, कुणाला आईने विणलेला स्वेटर. मला पत्रव्यवहाराचं इंग्रजी आठवतं, आणि तेही लाल पेनाने दुरुस्त केलेलं. काल आमच्या मांजरी गावच्या चौकात हातगाडीवर यंदाच्या पहिल्या शेंगांचा ढीग दिसला. दोन किलो घेतल्या, घरी येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पहिल्या शेंगेत अंगठ्याचं नख घातलं. शेंग फुटल्याचा तो बारीक आवाज झाला आणि त्याच्यामागोमाग, घरात कुणीही बोललेलं नसताना, मला स्पष्ट ऐकू आलं, "अहो, हे बरोबर वाटतंय का बघा बरं."

तीन हिवाळे झाले त्याला. वंदना, म्हणजे माझी बायको, त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास पुन्हा नोकरीला लागली. वय सेहेचाळीस, मधला खंड एकोणीस वर्षांचा. रेवाच्या जन्माच्या वेळी तिने काम सोडलं, मग माझ्या आईचं आजारपण आलं, मग रेवाची दहावी, बारावी. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलं की त्याला वेगळी खुर्ची ठेवायला हवी होती. शेवटी रेवा इंजिनिअरिंगला गेली आणि वंदनाने कुणालाही न विचारता अर्ज केला.

खराडीतली कंपनी. दाताच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा ठरवून देणारं सॉफ्टवेअर ती चालवते. वंदनाच्या विभागाकडे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचे दवाखाने होते. त्यांचं काही अडलं की ते लिहून कळवायचे आणि इथून लेखी उत्तर जायचं, अधूनमधून फोनही. सहा महिने उमेदवारी, मार्चअखेर निर्णय: एकतर कायम, नाहीतर नमस्कार. "मला एकदा बघायचंय हो," ती पहिल्या दिवशी डबा भरताना म्हणाली होती, "घराबाहेर अजून कुणाला माझा उपयोग आहे का ते." हे ती इतक्या साध्या सुरात म्हणाली की मी "भाजीत मीठ बघ" असं काहीतरी उत्तर दिलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि पुढे मी जे काही केलं ते त्या वाक्यापोटीच केलं, एवढं माझ्या बाजूने नमूद करतो.

नमूद करतो! बघा, सवय जात नाही.

मी एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. अठ्ठावीस वर्षं आवक-जावक पाहतो आहे. नातेवाइकांत माझं इंग्रजी चांगलं समजलं जातं, कारण त्यांच्यापैकी कुणीही ते फारसं वाचलेलं नाही. भाच्याचा रजेचा अर्ज, मेहुण्याचं सोसायटीला पत्र, कुणाच्या व्हिसाचं काहीतरी. सगळं आधी माझ्याकडे यायचं. मी चष्मा लावायचो, "हं" म्हणायचो आणि जिथे एक शब्द होता तिथे चार करून परत द्यायचो. लोक खूश असायचे. लांब झालं म्हणजे सुधारलं, असा सगळ्यांचाच समज होता. माझाही.

आमच्या कार्यालयात पत्र लिहायचं एक वळण आहे. पत्र समोरच्याला काही सांगण्यासाठी असतं हे खरं, पण त्याहून जास्त ते उद्या आपल्यावर काही शेकलं तर दाखवायला असतं. म्हणून प्रत्येक पत्रात आधीच्या पत्राचा दिनांक, 'यापूर्वीच कळवल्याप्रमाणे', 'आपल्या माहितीसाठी व नोंदीसाठी', आणि शेवटी, होणाऱ्या विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही. नवीन असताना माझे साहेब माझं पत्र हातात घेऊन विचारायचे, "हे पत्र चौकशीत उभं राहील का?" उभं राहील असं पत्र लिहायला मला पाच वर्षं लागली. मग मला दुसऱ्या प्रकारचं पत्र लिहिताच येईना.

तर वंदना पहाटे जायची. तिकडे दवाखाने उघडायच्या वेळेला आपल्याकडे जेमतेम उजाडतं. पावणेसहाला कंपनीची गाडी सोसायटीच्या फाटकाशी. समोरच्या उसाच्या शेतावर धुकं इतकं दाट उतरलेलं असायचं की गाडीचे दिवे आधी यायचे आणि गाडी नंतर. वंदना कानाला मफलर गुंडाळून त्या धुक्यात शिरायची आणि तासाभराने, तिकडे घामाघूम झालेल्या लोकांना उत्तरं लिहायची. "त्यांच्याकडे चाळीस डिग्री आहे म्हणे," ती संध्याकाळी सांगायची, "आणि मी स्वेटर घालून त्यांना सांगतेय की काळजी करू नका."

सकाळी साडेआठ-नऊला, मी स्वारगेटला बसमधून उतरत असताना, माझा फोन वाजायला लागायचा. नावगाव काढून टाकलेलं एक इंग्रजी वाक्य, आणि खाली मराठीत, "बरोबर वाटतंय का?" मी तिथेच, रिक्षावाल्यांच्या गराड्यात, उभा राहून ते सुधारायचो. वाक्य अवतरणचिन्हात घालून इंटरनेटवर शोधायचं, किती ठिकाणी सापडतं ते पाहायचं, ही युक्ती मला रेवाने शिकवली होती. सापडलं की मी खूश. कुठे सापडलं हे मी बघत नसे. एकदा एक वाक्य फक्त कोर्टाच्या निकालपत्रांत सापडलं. मला वाटलं, यापेक्षा अधिकृत काय असणार!

काही अडलंच तर आमच्या कॉलेजच्या इंग्रजीच्या गायकवाड मॅडम होत्या. त्यांच्या टेबलाशी मी चिठ्ठी घेऊन जायचो.

"मॅडम, हे बरोबर आहे का?"

त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. पण कुणी कुणाला असं लिहीत नाही."

"पण बरोबर आहे ना?"

"व्याकरणाने बरोबर आहे. कोणाला पाठवताय?"

"दातांच्या दवाखान्याला."

"दात पाडायचेत का त्यांचे?"

मी हसलो आणि पहिला अर्धा भाग घेऊन परत आलो. माणूस आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. मी तर तेवढ्यावर जावक क्रमांकही टाकतो.

खरं सांगायचं तर वंदनाला कसं बोलता येतं हे मला सगळ्यांत आधी कळलेलं होतं. लग्नाआधी ती पेरुगेटाजवळ एका दंतवैद्यांकडे बाहेरच्या टेबलावर बसायची. मी तिथे उजवा गाल नारळाएवढा सुजवून गेलो होतो. मला बोलता येत नव्हतं. ती म्हणाली, "बसा. नाव लिहून द्या, तोंड उघडू नका. डॉक्टर बडबडे आहेत, पण दात मात्र गुपचूप काढतात." मला दुखत असताना हसू आलं आणि हसल्यामुळे जास्त दुखलं. दात गेला, पण मी त्यानंतर काही कारण नसताना तीनदा तिथे तपासणीला गेलो. ज्या बाईने मला चार वाक्यांत शांत केलं होतं, तिची वाक्यं मी पंचवीस वर्षांनी दुरुस्त करायला बसलो होतो. हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. इंग्रजी हा वेगळा विषय आहे, असं मी धरून चाललो होतो.

संध्याकाळी चार-साडेचारला ती परत यायची. तिची वही असायची, शंभरपानी. मी पाचपर्यंत पोचायचो. टेबलावर मटार, आलं, कधी ओले हरभरे. सोलता सोलता ती वहीतलं वाचायची आणि मी लाल पेन कानावर अडकवून ऐकायचो. थंडीतल्या त्या संध्याकाळी फार लवकर पिवळ्या व्हायच्या आणि मग एकदम विझायच्या. दिवा लावायला उठायचा कंटाळा यायचा. वही डोळ्यांच्या जवळ जवळ येत जायची.

"मी लिहिलंय, 'सॉरी, हे आमच्याकडूनच राहिलं, आज करते.'"

"छे! आमच्याकडून राहिलं असं कधी लिहायचं नसतं. 'सदर बाब विचाराधीन होती' असं लिही."

"पण राहिलंच होतं हो."

"म्हणून तर लिहायचं नाही."

रेवा आतून ओरडायची, "बाबा, आईचा मेल वाचून मला वाटतंय की कुणीतरी आपल्याला कोर्टात खेचतंय!"

"तुम्ही पोरं नुसता अंगठा पाठवून मोकळे होता. तुला काय कळणार!"

वंदना हसायची. एखादा कोवळा दाणा तोंडात टाकायची आणि मी सांगितलेलं लिहून घ्यायची.

जानेवारीत तिला तीन महिन्यांचा अहवाल मिळाला. कामाची समज: उत्तम. फोनवरचं बोलणं: उत्तम. लेखी संवाद: सुधारणा अत्यावश्यक. तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि शेंगा पुढे ओढल्या. बराच वेळ नुसती सोलत राहिली. सोललेले दाणे टरफलांच्या ढिगात टाकत होती, तेही तिला कळत नव्हतं.

"मार्चपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "माझं इंग्रजीच कच्चं आहे."

"अगं, मी आहे ना," मी म्हणालो.

हे आता लिहितानाही माझे कान गरम होतात. 'मी आहे ना.' त्या शनिवारी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन इंग्रजी पत्रलेखनाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. माझ्या दुरुस्त्या दुप्पट झाल्या. एक फरक मात्र पडला. दिवसा तिची वाक्यं यायची थांबली. कामाच्या वेळेत फोन वापरलेला चालत नाही म्हणाली. मी म्हटलं, योग्यच आहे, शिस्त हवी. संध्याकाळची वही मात्र रोज उघडायची.

त्यातली एक संध्याकाळ मला नीट आठवते. संक्रांत होऊन गेली होती, रेवाने वाटीभर तिळगूळ एकटीने संपवला होता म्हणून तिच्यावर ओरडून झालं होतं. वंदना म्हणाली, "तिकडच्या एका दवाखान्यात मार्गारेट म्हणून बाई आहेत, टेबलावर बसणाऱ्या. साठीच्या असतील. त्यांच्या हातून अख्ख्या दिवसाची यादी पुसली गेली. कोण पेशंट कधी येणार, काही कळेना. फार घाबरल्यात. त्यांना काय लिहू?"

मी पुस्तक चाळलं, पेन उघडलं आणि वीस मिनिटं खर्चून एक परिच्छेद तयार केला. माहिती नष्ट होणं हे वापरकर्त्याच्या स्वतःच्या कृतीमुळे घडलेलं असून, तशी पूर्वसूचना यापूर्वीच दिलेली होती. तथापि सहकार्याच्या भावनेने इत्यादी. 'तथापि'ला साजेसा इंग्रजी शब्द सापडला तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

वंदनाने तो परिच्छेद ओठ हलवत वाचला. "छान आहे," ती म्हणाली आणि वही मिटली.

मार्चमध्ये एका शुक्रवारी कंपनीने घरच्यांना ऑफिस बघायला बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला. काचेची इमारत, हात न लावता उघडणारी दारं, आणि सगळी पोरं इतकी तरुण की मला वाटलं आपण चुकून कॉलेजातच आलोय. वंदना रेवाला कॉफीचं यंत्र दाखवायला घेऊन गेली आणि तिचा वरिष्ठ माझ्याशेजारी येऊन बसला. अनिकेत. वय अठ्ठावीस-एकोणतीस. पहिल्या महिन्यात वंदनाने त्याला 'आदरणीय अनिकेतजी' असं लिहिलं होतं. सल्ला कुणाचा ते सांगायला नको.

"काका, अजून कुणाला सांगू नका," तो हळूच म्हणाला, "मॅडम कन्फर्म झाल्यात. सोमवारी लेटर मिळेल."

 मी 'हो का, वा' असं काहीतरी म्हणालो. मग तो मनमोकळेपणाने बोलत राहिला.

"जानेवारीपर्यंत मला फार टेन्शन होतं हो काका. फोनवर मॅडम एकदम गोड. आणि मेल आला की टीममध्ये सगळे विचारायचे, मॅडम चिडल्यात का? एका क्लायंटने तर मला विचारलं, तुमचं लीगल डिपार्टमेंट वेगळं आहे का?" तो हसला. मीही हसलो, म्हणजे माझे दात दिसले. "मग रिव्ह्यूच्या वेळी मी त्यांना स्ट्रेट विचारलं, मॅडम, हे ड्राफ्ट कुणी करून देतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, नाही, माझंच जुनं वळण आहे, मला महिना द्या. महिना कसला, दुसऱ्या दिवसापासून मेल बदलले! हा बघा, हा मी नवीन जॉइन झालेल्यांना दाखवतो."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मार्गारेटबाईंना लिहिलेलं उत्तर. चार ओळी. मराठीत सांगायचं तर असं: काळजी करू नका, कालची यादी मी परत आणतेय. मीसुद्धा एकदा आमच्या दवाखान्यातला अख्खा शनिवार असाच पुसला होता आणि आमच्या डॉक्टरांना अजून माहीत नाही. जे पेशंट येतील त्यांना बसवा, पाणी द्या, नावं मी फोनवर सांगते. आधी तुम्ही पाणी प्या.

त्या इंग्रजीत मला दोन चुका दिसल्या. हेही सांगून टाकतो, कारण दिसल्या. मग माझी नजर वरच्या वेळेवर गेली. मेल गेला होता त्या दिवशी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी. आणि वंदनाने मला "काय लिहू?" असं विचारलं होतं संध्याकाळी, मटार सोलताना. यादी कधीच परत आलेली होती. मार्गारेटबाई पाणी पिऊन, पेशंट उरकून, घरी जाऊन जेवलेल्याही असतील. आणि मी वीस मिनिटं 'तथापि' शोधत होतो.

म्हणजे दोन महिने. दोन महिने रोज संध्याकाळी ती वही उघडत होती, मी लाल पेनाने लिहीत होतो, ती मान हलवत होती, आणि सकाळी आपल्या मनाने आपल्या भाषेत काम करत होती. त्याआधी, जेव्हा तिची नोकरी खरंच टांगणीला लागली होती, तेव्हा एका मुलाएवढ्या साहेबाने तिला सरळ वाट दाखवली होती. 'नवरा दुरुस्त करून देतो' एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. तिने माझं वळण आपल्या अंगावर घेतलं.

बरोबर म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडतो. अठ्ठावीस वर्षं मी जी वाक्यं लिहिली ती सगळी बरोबर होती. चौकशीत उभी राहतील अशी. पण त्यांतलं एकही वाक्य कुणाला खाली बसवून पाणी देणारं नव्हतं. परकी भाषा आपण एखाद्या कार्यालयात शिरावं तशी शिकलो: चपला बाहेर, आवाज खाली, हातात अर्ज. वंदना त्या भाषेत घरात शिरावं तशी शिरली. दोन ठिकाणी ठेचकाळली, पण लोकांनी तिला आत घेतलं. आता तर फोनलाच विचारता येतं. वाक्य टाकलं की तो क्षणात सांगतो, हे असं लिहा, हे जास्त सहज वाटेल. रेवा तेच करते. त्या यंत्राला चष्मा लावावा लागत नाही, राग येत नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्याला कुणी खूश ठेवत बसत नाही.

पुढे वंदनाने मला त्या कामातून हळूहळू बाहेर काढलं, लहान मुलाचं अंगावरचं दूध तोडतात तसं. एप्रिलमध्ये आठवड्यातून तीनदा वही, मेमध्ये एकदा, मग आंब्यांच्या गडबडीत विसरल्यासारखं. ती मला सोडवतेय हे मला कळतंय, हे तिला जाणवू नये याची मी काळजी घेत होतो. म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत होतो आणि मध्ये शंभरपानी वही होती.

पण ते नंतरचं. मार्चमधल्या त्या सोमवारी ती पत्र घेऊन आली तेव्हा मी दार उघडायला उभाच होतो. तिने चपलाही काढल्या नाहीत. "अहो, झालं. कायम केलं मला." तिचा आवाज एकोणीस वर्षं मागे गेला होता. मग तिने ते पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमच्यामुळे झालं बरं का."

शनिवार-रविवार मी याच वाक्याची तयारी करत होतो. काहीही न म्हणता हसायचं, असं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

"वंदना," मी म्हणालो, "जानेवारीनंतर मी काय केलं गं? तुझ्या त्या अनिकेतने मला सगळं दाखवलं. वेळेसकट."

 तिचे कान लाल झाले. मला वाटलं आता सारवासारव करेल. पण ती दारातच, एक चप्पल पायात आणि एक काढलेली, अशी उभी राहून म्हणाली, "पहाटे त्या धुक्यात गाडीत बसताना मला रोज वाटायचं, आज सांगावं, मला जमत नाही, मी येत नाही. रोज. मग म्हणायचे, पाच वाजता हे यायचेत, वही घेऊन बसायचेत, त्यांना काय सांगू? त्यापायी रोज कामावर गेले हो मी. इंग्रजीचं काय घेऊन बसलात!"